चमचाभर तुपाचा आळ

माझ्या बहिणीने तूप घालून नवरा घालवला, असं आमच्या नात्यात आठ-नऊ वर्षं बोललं जातं. तिच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. पण लग्नकार्यात वाढायचं भांडं तिच्या हातात कोणी देत नाही, आणि तिचा एकुलता एक मुलगा वर्षानुवर्षं तिच्या हातचं जेवला नाही. हे बोलणं माझ्या तोंडून सुरू झालं. ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते खोटं असल्याचं माहीत होतं. मी सत्तरी ओलांडली आहे. उद्या माझं काही झालं तर हे ठासून सांगणारा कोणी उरणार नाही आणि तिच्या माथ्यावरचा आळ तसाच राहील, म्हणून लिहून ठेवतो आहे.

बदलापूरहून बारवीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. वडील भातशेती करायचे आणि रविवारी सकाळी ओटीवर बसून कावीळ उतरवायचे. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो. वडील गेल्यावर रविवारचं काम माझ्याकडे आलं. आठवड्याचे सहा दिवस मी मशीन खोलून बिघाड शोधायचो आणि सातव्या दिवशी लोकांना माळ घालायचो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कशा केल्या, असं कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

माळ म्हणजे एका झुडपाच्या काड्यांचे बारीक तुकडे, दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. त्या झुडपाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कोणीतरी तोडायला जाईल. माळ गळ्यात घालायची. दिवसागणिक ती लांबत जाते, छातीवर येते, मग बेंबीपर्यंत, मग पायापर्यंत. माळ खाली आली की कावीळ उतरली. खरं म्हणजे काड्या ओल्या असतात. सुकल्या की बारीक होतात, सैल गाठ सुटत जाते आणि दोरा लांबतो. निरोग्याच्या गळ्यात घातली तरी लांबते. खिळ्याला टांगली तरी लांबते. मी टांगून पाहिली आहे.

हात धुण्याचंही तसंच. आधी रोग्याच्या हातावर एका सालीचं पाणी चोळायचं आणि मग चुन्याच्या निवळीत हात बुडवायला सांगायचं. निवळी पिवळीधमक होते. बायाबापड्या तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. कावीळ हातातून उतरली असं त्यांना वाटायचं. तो पिवळेपणा सालीचा होता.

लोक बरे व्हायचे, हेही खरं. पाण्यातून होणारी साधी कावीळ विश्रांती मिळाली की बहुतेकदा आपली आपण जाते. आम्ही फक्त त्या दिवसांत तिथे हजर असायचो.

वडिलांचे नियम तीन. पैसा घ्यायचा नाही. पथ्य पाळायचं: तेल, तूप, डाळ, अंडं बंद, उसाचा रस आणि मऊ भात चालू. आणि विलायती औषध पोटात असेल तोवर माळ घालायची नाही. पैसा घेत नसल्यामुळे लोकांचा आमच्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासावर बाकीचे दोन नियम चालायचे. एखादा बरा झाला नाही तर काय म्हणायचं, तेही वडिलांनी गाठ मारायला शिकवलं तितक्याच काळजीने शिकवलं होतं. माळ चुकत नसते, पथ्य चुकतं. आणि पथ्य मोडायचं ते घरातल्या बाईनेच. स्वयंपाक तीच करते ना.

माझ्या बहिणीचा नवरा हे सगळं पाहून हसायचा. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्याचं मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचं दुकान होतं. सिंधी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याची जीभ तिखट आणि हजरजबाबी झाली होती. आमच्याच घरी, सत्यनारायणाच्या पूजेला जमलेल्या भाऊबंदांसमोर तो मला म्हणाला होता, "काय मेव्हणे, तुमच्या माळेला वॉरंटी किती? मी तर मिक्सरलासुद्धा सहा महिन्यांची देतो." सगळे हसले. माझी बायकोही हसली. मी प्रसादाचा द्रोण हातात धरून तसाच उभा राहिलो. त्या दिवसापासून माझा त्याच्यावर राग होता. तो चांगला माणूस होता म्हणून तर जास्तच होता.

त्याने दारूला कधी हात लावला नाही. दुकानात दिवसभर गोड चहा, जोडीला बिस्किटं आणि फरसाण, आणि बसून काम. पोट सुटलं, साखर झाली, आणि एका सोनोग्राफीत यकृत खराब निघालं. झालं, नातेवाईक लगेच म्हणायला लागले की लपून पीत असणार. तो चिडायचा. त्या बोलण्यात मी कधी "नाही" म्हटलं नाही. मी फक्त मान हलवायचो, आणि ती कोणाला हवी तशी समजू द्यायचो.

त्याला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या तो नेमाने घ्यायचा. दोन वर्षं बरी गेली. मग एके दिवशी डोळे पिवळे झाले आणि बहीण माझ्याकडे आली. डॉक्टरीणबाईंनी दाखल व्हायला सांगितलं होतं, पण ती घाबरली होती. तिचं लहानपण आमच्या ओटीवरच गेलेलं, काविळीला दुसरं औषध असतं हे तिला पटतच नव्हतं. माळ मी तेव्हाच तिच्या हातात देऊ शकलो असतो. किंवा म्हणू शकलो असतो की बाय, ही कावीळ ती नव्हे, याला दवाखान्यात ने. मी म्हटलं, "त्याला स्वतः येऊ दे."

तो आला. येताना शिवमंदिरात थांबून बेलाचं पान कपाळाला लावून आला होता, तेही बायकोच्या हट्टाने. रविवार होता, ओटीवर गर्दी होती. मी त्याला रांगेत बसवलं आणि शेवटी बोलावलं. मधे दोन माणसं त्याच्या मागून आलेली होती, त्यांनाही आधी घेतलं. त्याने हात पुढे केले. मी साल चोळली, निवळीचं भांडं पुढे सरकवलं, पाणी पिवळं झालं. त्याने भांड्यात पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं. आयुष्यभर बंद पडलेल्या वस्तू उघडून बघणारा माणूस तो. त्याला कळलं. मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात तो म्हणाला, "मेव्हणे, मी बायकोसाठी आलोय. तुमचं चालू द्या."

एवढं बोलला नसता तर कदाचित मी नियमावर अडलो नसतो. मी म्हटलं, गोळ्या काढा. त्याने खिशातून दोन पाकिटं काढली, एक दिलं, दुसरं हातातच ठेवलं.

"ही एक राहू दे. बाई म्हणाल्यात, ही सोडायची नाही."

"मग माळ राहू दे," मी म्हटलं.

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने दुसरं पाकीट माझ्या तळहातावर ठेवलं. ते आजही माझ्या हत्यारांच्या डब्यात आहे.

माळ लांबत गेली. मी फोनवर रोज विचारायचो, कुठवर आली, आणि बहीण आनंदाने सांगायची. साखर असलेल्या माणसाला मी उसाचा रस पाजत होतो. ज्याच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या त्याची डाळ आणि अंडी मी बंद केली होती. पोट मात्र फुगत होतं. पंधरवडा उलटल्यावर तिचा दुपारी फोन आला. त्याला घास गिळवत नाही, म्हणून भातावर चमचाभर तूप घातलं, चालेल ना दादा, असं तिने विचारलं. लपवू शकली असती, तिने लपवलं नाही. मी म्हटलं, आता घातलंस ते घातलंस. मनात मात्र ते जपून ठेवलं. कामाला येईल असं वाटलं म्हणून जपून ठेवलं, हे मला आज लिहावंच लागेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला रक्ताची उलटी झाली. मोरी लाल झाली, असं तिने नंतर सांगितलं. शेजाऱ्यांनी त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो. माझा भाचा तेव्हा गुजरातेत एका केमिकल कंपनीत नोकरीला होता, तो संध्याकाळपर्यंत आला आणि आल्या आल्या डॉक्टरीणबाईंना विचारू लागला, की जो माणूस पीत नाही त्याचं यकृत जातंच कसं.

बाई दमलेल्या होत्या, पण त्यांनी समजावलं. त्यांचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण त्यातला प्रत्येक शब्द माझ्या विरुद्ध जात होता. त्या म्हणाल्या, प्रत्येक पेशी अन्न जाळून शक्ती तयार करते, आणि त्यात ऑक्सिजनचे काही बिथरलेले कण सुटतात. जे सापडेल त्याला ते चावतात. शरीराकडे त्यांना शांत करायची स्वतःची व्यवस्था असते, आणि निरोगी माणसात दोन्हींचा मेळ बसतो. पण यकृतात चरबी साचली, वर साखर झाली, की कण जास्त सुटतात आणि शांत करणारी व्यवस्था अपुरी पडते. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग पेशींच्या भिंती नासतात, आतली यंत्रं मोडतात, सूज येते. दारूने हेच होतं, विषाणूने होतं, चरबीनेही होतं. दार वेगळं असलं तरी आतला जाळ बराचसा सारखाच.

मी फिटर. मला वाटलं, आपल्याला कळलं. मी म्हटलं, म्हणजे गंज.

"गंज चढताना लोखंड गप्प असतं, काका," त्या म्हणाल्या. "यकृत गप्प नसतं. ते दुरुस्ती करत राहतं. त्या दुरुस्तीचेच व्रण साचत जातात आणि ते टणक होतं."

टणक यकृतातून रक्त नीट जात नाही, मागे दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्यातली एक फुटली होती. तो दाब ताब्यात ठेवायला एक गोळी चालू होती. बाईंनी फाइलवर बोट ठेवून विचारलं, "ही का बंद केली? कोणी केली?"

भाच्याने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हिने पथ्य मोडलं. तूप दिलं."

बाई वैतागल्या. तुपाने शीर फुटत नाही, मी गोळीचं विचारतेय, असं म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना आतून बोलावणं आलं आणि त्या धावत गेल्या. भाचा माझ्याकडे वळला. मी म्हटलं, गोळ्यांचं मला काही माहीत नाही, हिनेच कंटाळून बंद केल्या असतील, मी तर चालू ठेवा म्हणालो होतो. बहीण समोरच उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर जिन्यात तिला एकटीला गाठून मी सांगितलं, की तो माझ्या अंगावर येईल, मारामारी होईल, तुझं माहेर तुटेल. तू गप्प बस. ती गप्प बसली.

तो दोन दिवसांनी गेला. दहाव्याला भाऊबंदांसमोर मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि आमच्यात जसं होतं तसं ते पसरलं. चुलतभावांपैकी एक म्हणाला, बाईच्या जातीला धीर नसतो. मी मान हलवली. भाच्याने आईच्या हातचं जेवण सोडलं. पुढे नोकरी बदलून तो अंबरनाथला आला, वेगळा राहू लागला. बदलापुरात कात्रपला आई राहायची, तिला भेटायला जायचा तो डबा बरोबर घेऊन. तिच्यासमोर बसून तो डबा खायचा. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तिथे बसून चहा प्यायलो आहे.

मी पुढची कितीतरी वर्षं माळा घालत राहिलो.

गेल्या वर्षी माझ्याच पोटाची सोनोग्राफी झाली. यकृतावर चरबी, आणि पुढच्या तपासात टणकपणा निघाला. दोन बरगड्यांच्या मधे एक यंत्र टेकवून बाहेरून टकटक करतात आणि आतून कसा ठोका परत येतो ते बघतात. आम्ही कारखान्यात पाइप आतून खराब झाला की काय, हे हातोडीने ठोकून ऐकायचो, तसंच. डॉक्टरांनी गोड बंद केलं, चालायला सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. त्यांतली एक तीच होती, शिरांमधल्या दाबाची. मी माळ घातली नाही. उसाचा रस घेतला नाही. डाळ खाल्ली, अंडं खाल्लं, आणि एकही गोळी चुकवली नाही. सकाळी गोळी गिळून मी ओटीवर बसायचो आणि समोरच्याच्या गोळ्या बंद करायचो.

असाच एक रविवार. वांगणीकडच्या एका बाईने नवऱ्याला आणलं होतं. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. मी सवयीने हात पुढे केला आणि म्हटलं, गोळ्या. तिने पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. माझ्या घरात त्याच गोळीचं पाकीट देवघराशेजारी होतं.

मी ते परत केलं. ही गोळी सोडू नका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, असं सांगितलं. तिला वाटलं, मी टाळतोय. ती पाया पडायला लागली. तेव्हा मी ओटीवर बसलेल्या सगळ्यांना सांगितलं. काड्यांचं सांगितलं, सालीचं सांगितलं, माझ्याच हातावर साल चोळून निवळीत हात पिवळे करून दाखवले. लोक बघत राहिले. मला वाटलं होतं, संतापतील. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, जिच्या नातवाला मी माळ घातली होती, उठली आणि म्हणाली, "द्यायचं नसल तर नको देऊ. पन देवाच्या कामाला खोटं नको बोलू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वांगणीची बाई तेवढी नवऱ्याला घेऊन निघाली. ती दवाखान्यात गेली की दुसऱ्या कोणाच्या ओटीवर, मला माहीत नाही.

तिथून मी कात्रपला गेलो. बहीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी सगळं बोललो, हात जोडले. ती कपडे झटकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "हे मला सांगायला आलास होय? मला ठाऊक नव्हतं?"

तिने पुढचा कपडा दोरीवर टाकला.

"माहेर तुटेल म्हणालास. मला वाटलं, माहेर राहील. इतक्या वर्षांत किती वेळा आलास रे तू?" तिने चिमटा लावला. "माझ्यापाशी रडू नको. ज्याला सांगायचं त्याला सांग."

पाणीसुद्धा तिने विचारलं नाही.

भाचा अंबरनाथला तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याने दार उघडलं, आत घेतलं. कपाटावर डब्यांची रांग होती, अँटीऑक्सिडंट, यकृत शुद्धी, काय काय. बापाचं आपल्याला होईल या भीतीने तो ते घेत होता. मी हत्यारांच्या डब्यातलं पाकीट त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. गोळ्या मी काढून घेतल्या. तुझा बाप ही द्यायला तयार नव्हता. तूप तुझ्या आईने घातलं ते लगेच मला फोन करून सांगितलं होतं. दवाखान्यात मी खोटं बोललो, दहाव्याला खोटं बोललो, आणि तुझ्या आईला गप्प मीच केलं.

त्याने पाकीट उचललं, उलटं केलं आणि मागची तारीख वाचली. कंपनीत माल तपासायचं काम करतो, हात आपोआप तसा गेला. नंतर तो ते पाकीट बोटांनी दाबत बसला.

"बाबा नाही म्हणत होते?"

"हो."

"आणि आई समोर होती."

"हो."

मी उगाच आणखी बोलायला गेलो. कपाटाकडे बोट दाखवून म्हटलं, अरे, या डब्यांमागेही माझ्यासारखाच कोणीतरी ओटी मांडून बसलेला असतो. नुसत्या डब्यांनी तो जाळ विझत नाही, डॉक्टरांना दाखव.

"मामा," तो म्हणाला, "तू शिकवू नकोस. ऊठ."

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा तो मागून म्हणाला, "मी तिच्यासमोर डबा खायचो. तू एकदा बसला होतास तिथे. चहा पीत." मग दार लागलं.

भाऊबंदांना मी एकेकाच्या घरी जाऊन सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. ज्याने बाईच्या जातीचं काढलं होतं तो चुलतभाऊ म्हणाला, आता म्हातारपणी कशाला उकरून काढतोस, तूप तर घातलंच होतं ना तिने. मी त्याला सांगितलं, तुपाने काही झालं नाही, झालं ते माझ्याने. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मी समोरून उठलो नाही. जाहिराती लागल्यावर पुन्हा सांगितलं.

पुढच्या रविवारी दुपारी बहिणीचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आधीच ती बोलली.

"जेवला. तूप नको म्हणाला. मी वाढलं."

आणि ठेवून दिला. त्यानंतर तिने मला फोन केलेला नाही, सणाला बोलावलं नाही, मी केला तर उचलत नाही. ते बरोबर आहे. रविवारी अजून लोक येतात. मी ओटीवर बसतो, गोळ्या दाखवायला सांगतो, आणि परत त्यांच्या पिशवीत घालायला लावतो. बरेचजण शिव्या घालत जातात.